बाईंनी बोलावलंय, जाऊ का?

पत्राचा सारांश : अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, चहूबाजूंनी मक्याची शेतं असलेल्या गावातल्या एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात एक मराठी मुलगी दुसऱ्या वर्षाला शिकते. वय १९. गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, उसाच्या पट्ट्यातलं. वडील साखर कारखान्याच्या शेती खात्यात. दहावीला ९७ टक्के, बारावी सायन्स. कॉलेजने मोठी आर्थिक मदत दिली म्हणून जाता आलं. कॉलेजात दीड हजार विद्यार्थी, वर्गात पंधरा-सोळा. ‘कम्प्युटर करायचा’ असं ठरवून ती गेली. त्यात ए मायनस आहे, पण "ते मला येतं, जेवताना त्याविषयी बोलावंसं मात्र वाटत नाही." सहज म्हणून घेतलेला मानववंशशास्त्राचा कोर्स मनापासून आवडला आणि नेमका त्याच कोर्समधल्या निबंधाला सी प्लस मिळाला. निबंधाच्या शेवटी प्राध्यापक बाईंनी लिहिलं, ‘येऊन भेट.’ त्याला तीन आठवडे झाले, ती गेलेली नाही. वर्गात ती बोलत नाही, आणि सहभागाला २० टक्के गुण आहेत. येत्या सत्रात मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायचा आहे. मावसभाऊ एका मोठ्या सरकारी विद्यापीठात आहे. तो म्हणतो, "इकडे ये, इथे कुणी कुणाला विचारत नाही." सी प्लसचं घरी सांगितलेलं नाही. तिचे प्रश्न : हा कोर्स सोडू का? ट्रान्सफर घेऊ का? मी इथे चुकून आले का? सोबत निबंधाच्या एका पानाचा फोटो.

प्रिय मुली,

तुझं पत्र मी एकदाच वाचलं, तो फोटो मात्र पाच-सहा वेळा मोठा करून बघितला. खोडच आहे माझी. ओहायोतल्या तुझ्यासारख्याच एका लहान कॉलेजात सतरा वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता पुण्यात बसून हे सदर लिहिते, पण समासात कुणी काही खरडलेलं दिसलं की अजूनही डोळे आधी तिकडे जातात.

तिसरं पान आहे. मधोमध तुझं वाक्य : हंगामी शेतमजुरांची भरती बहुधा मध्यस्थांमार्फत, आगाऊ रक्कम देऊन केली जाते. त्याखाली हिरव्या पेनाची रेघ, आणि समासात बाईंनी विचारलंय, ‘हे तुला माहीत आहे असं दिसतं. कुठून?’ त्यावर तू मला लिहितेस, "त्यांना वाटलं मी कुठून तरी उचललंय."

उचललंय! अगं, उचल घेऊनच तर ती माणसं तुमच्याकडे येतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे बीड-जालन्याकडून पोराबाळांसकट ट्रकमध्ये बसायचं आणि गाळप संपेपर्यंत कारखान्याच्या आसपास कोप्या बांधून राहायचं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम ‘माझ्याकडे वीस कोयते आहेत’ म्हणतो तेव्हा तो जोडपी मोजत असतो. हे मला ऐकून-वाचून माहीत. तू तर ते घरामागे बघत मोठी झालीस. कोपीतल्या मुली शाळेच्या नळावर पाणी भरायला यायच्या, असं पत्रात तूच ओझरतं लिहिलंयस. आणि निबंधात त्या कोयत्याचं काय झालं? ‘लेबर युनिट’. उचलीचं ‘अ‍ॅडव्हान्स पेमेंट’. आठ संदर्भ, सगळे जिथल्या तिथे, आणि ते पान लिहिणारी मुलगी कुठे शोधूनही सापडत नाही. सी प्लस का, याचा अंदाज मला तेवढ्यावरून आला.

कॉपीचा संशय आला की तिथला प्राध्यापक समासात प्रश्न विचारत बसत नाही, एवढं मी तुला खात्रीने सांगते. त्यासाठी रीतसर समिती असते, विद्यार्थ्याला लेखी कळवावं लागतं, सगळं दप्तरी होतं. बाईंनी प्रश्नचिन्ह काढलं कारण त्यांना उत्तर ऐकायचं होतं. तीन आठवडे त्या थांबल्यात. कदाचित विसरल्याही असतील, त्यांच्याकडे अजून पन्नास मुलं आहेत.

आता ‘येऊन भेट’ या शब्दांकडे येऊ. आपल्या शाळेत बोलावणं कसं यायचं, आठवतंय ना? तास चालू असताना शिपाई दारात उभा, हातात चिठ्ठी : अमुक हिला ऑफिसात बोलावलंय. अख्खा वर्ग मान वळवून बघायचा. फी राहिलेली असायची, नाहीतर कुणी चुगली केलेली असायची, नाहीतर घरी काहीतरी झालेलं असायचं. चांगल्या कामासाठी कुणाला ऑफिसात बोलावल्याचं मला तरी आठवत नाही. त्यात मुलींना वर आणखी एक शिकवण, की पुढे पुढे करू नये. सरांच्या टेबलापाशी घुटमळणारी मुलगी म्हणजे चमची. ही शिकवण तुझ्या अंगात किती मुरली आहे बघ : तुझ्या पत्रात ‘बाईंना त्रास नको’ हे शब्द तीन वेळा आलेत.

बाईंना काय त्रास असतो ते मला विचार. ऑफिस अवर्स म्हणजे आठवड्यातले तीन-चार तास खोलीचं दार उघडं टाकून विद्यार्थ्यांची वाट बघत बसायचं, आणि हा नोकरीचाच भाग आहे. माझे तास मंगळवारी आणि गुरुवारी दोन ते चार होते. कित्येक मंगळवारी मी डिंकाचा लाडू खात एकटीच बसलेली असायची. यायची कोण? ज्यांना आधीच ए मिळालेला असायचा ती. त्यांचे आईवडील अशाच कॉलेजांत शिकलेले, त्यांनी निघतानाच सांगितलेलं असायचं, की प्राध्यापकांना भेट, ओळख ठेव, अडलं नसलं तरी जा. घरातून पहिल्यांदाच असल्या कॉलेजात आलेली मुलं, मग ती अमेरिकेतलीच का असेनात, सत्राच्या शेवटच्या आठवड्यात यायची, डोळे सुजवून. तोवर माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसायचं. कुठल्याच माहितीपुस्तकात हे छापलेलं नसतं, म्हणून इथे लिहून ठेवते : ऑफिस अवर्स हे कच्च्या मुलांचे जादा तास नाहीत. तो कोर्सचाच भाग आहे आणि हुशार मुलं तो पुरेपूर वापरतात.

तर आज दोन ओळींचा ईमेल कर. ‘निबंधाबद्दल तुम्ही भेटायला सांगितलं होतं. मला यायला उशीर झाला. गुरुवारी येऊ का?’ एवढंच. माफीचा निबंध नको, ताप आला होता वगैरेही नको. जाताना निबंध हातात असू दे. बसल्यावर तिसरं पान उघड, हिरव्या रेघेवर बोट ठेव आणि सांग, ‘तुम्ही विचारलंत कुठून. आमच्या घरामागून.’ पुढचं बोलणं तुला थांबवावं लागेल, सुरू करावं लागणार नाही. उठायच्या आधी विचार, की पुन्हा लिहून दिला तर चालेल का. काही जण चालवून घेतात, काही नाही, पण विचारल्याचा राग कुणालाच येत नाही.

तू लिहिलंयस, "इथे लपायला जागाच नाही." खरं आहे. दीड हजारांचं कॉलेज म्हणजे वाड्यात राहिल्यासारखं. सकाळी वर्गात जिच्याशी वाद झाला तीच दुपारी जेवणघरात पुढे उभी आणि संध्याकाळी वाचनालयात समोरच्या टेबलाशी. पण तुझ्या मावसभावाच्या तीनशेच्या वर्गाऐवजी पंधराचा वर्ग ठेवायला जो पैसा लागतो, तो कॉलेज कशासाठी खर्च करतं? तिथल्या दोन-चार मोठ्या माणसांनी तुला नीट ओळखावं म्हणून. तुला मिळालेल्या मदतीतला बराचसा पैसा त्या ओळखीपायी जातोय, आणि ओळख होऊ नये म्हणून तू जिवाचा आटापिटा करते आहेस.

या ओळखीवरून आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजची एक गोष्ट सांगते. साल १९४८. रॉबर्ट नॉइस नावाचा मुलगा भौतिकशास्त्र आणि गणित शिकत होता. वसतिगृहात हवाई बेटांच्या पद्धतीची मेजवानी करायची ठरली, तर या पठ्ठ्याने जवळच्या शेतातून डुकराचं पिल्लूच पळवलं. आपल्याकडे हॉस्टेलची पोरं उसाच्या फडात शिरतात तसलाच प्रकार, पण आयोवात डुक्कर म्हणजे शेतकऱ्याची लक्ष्मी. प्रकरण कॉलेजातून कायमचं काढून टाकण्यापर्यंत गेलं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल मध्ये पडले आणि एका सत्राच्या निलंबनावर भागलं. त्याच सुमाराला बेल लॅब या संशोधनसंस्थेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता, आणि नॉइसला त्याची गोडी लावली ती गेल सरांनी. तेव्हा तो इतका नवा होता की जगातल्या फार थोड्या वर्गांत त्याविषयी बोललं जात असेल. नॉइस १९४९ साली पदवीधर झाला. पुढे इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आजची चिप, शोधणाऱ्या दोघांपैकी तो एक, आणि १९६८ साली इंटेल स्थापन करणाऱ्या दोघांपैकीही एक.

तू डुक्कर पळव असं मी सुचवत नाही. पण हे पोरगं काय चीज आहे ते गेल सरांना आधीपासून ठाऊक होतं, म्हणून ते त्याच्यासाठी शब्द टाकू शकले. तुलाही दीड-दोन वर्षांत शिफारसपत्रं लागतील, इंटर्नशिपला, नोकरीला, पुढच्या शिक्षणाला. ‘नियमित हजर असते, अभ्यासू आहे, ए मायनस मिळाला’ असली पत्रं मी नाइलाजाने बरीच लिहिली आहेत. वाचणारा ती किती सेकंदांत बाजूला ठेवतो, तेही मला माहीत आहे.

आता सी प्लस. ९७ टक्केवालीला तो नापासासारखा वाटणार, त्यावर मी तुला चार उपदेश करणार नाही. पण सिलॅबस उघडून हा निबंध एकूण गुणांत किती टक्के धरलाय ते बघितलंस का? सहभागाचे २० टक्के तू आवर्जून लिहिलेस, निबंधाचे लिहिले नाहीस, म्हणजे बघितलं नसावंस. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कोर्सचा ग्रेड जातो, एका निबंधाचा नाही. आणि ग्रेडचं भूत मुलांच्या डोक्यावर बसतं हे या कॉलेजांनाही कळतं. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोरमध्ये पहिल्या सत्राचे निकाल पास-नापास एवढेच नोंदवतात. ओरेगॉनच्या रीड कॉलेजात सी किंवा त्याच्या वर असाल तर मागितल्याशिवाय ग्रेड कळवतच नाहीत.

कोर्स सोडण्याविषयी. चार कोर्स, प्रत्येकी चार क्रेडिट असं धरते, म्हणजे १६. एक सोडलास तर १२ उरतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याने पूर्णवेळ असावं लागतं, आणि पूर्णवेळ म्हणजे सत्र पद्धतीत साधारण १२च. म्हणजे सोडता येईल, पण मग उरलेल्यांपैकी एकातही पाय घसरून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय १२च्या खाली गेलीस तर व्हिसावरच गदा येते. माझं मत विचारशील तर, आवडणारा एकमेव कोर्स सोडून न आवडणारे तीन ठेवायचे, हा हिशेब मला जमत नाही.

वर्गातल्या गप्प बसण्यावर थोडं जास्त लिहिते, कारण दर नोव्हेंबरात मला अशी दोन-तीन पत्रं येतात. कधी अमेरिकेतून, कधी पुण्या-सोनीपतच्या नव्या खाजगी विद्यापीठांतून. तू म्हणतेस, "ती मुलं वाचलेलं नसलं तरी बोलतात." बोलतात खरी. त्यांना अर्धं कच्चं बोलायची लहानपणापासून सवय आहे. आपल्याला शिकवलंय की उत्तर पूर्ण शिजल्याशिवाय ताटात वाढायचं नाही. तुझं शिजून होईपर्यंत चर्चा भलतीकडे गेलेली असते, मग तू गप्प बसतेस, आणि पुढच्या तासाला तोंड उघडणं आणखी जड होतं. त्यावर एकच युक्ती सांगते, माझ्या मुलांवर लागू पडलेली : वाचताना वहीच्या वरच्या कोपऱ्यात एक पान क्रमांक आणि एक प्रश्न लिहून ठेवायचा, आणि तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत तो विचारून मोकळं व्हायचं. ‘बेचाळिसाव्या पानावर लेखक असं म्हणतो, ते मला कळलं नाही’ हेसुद्धा बोलणंच आहे. बऱ्याचदा वर्गातल्या निम्म्यांना तेच कळलेलं नसतं. एकदा बोललीस की तासाचं उरलेलं ऐकणंही हलकं होतं.

आणि हे जड जातं ते बाईंना सांग. आमच्या वर्गातल्या व्हिएतनामच्या एका मुलीने मला सांगितलं होतं, की चर्चेआधी दोन मिनिटं लिहायला दिलीत तर मी बोलेन. तेव्हापासून मी सगळ्यांनाच दोन मिनिटं द्यायला लागले. त्याआधी सहा वर्षं मला ते सुचलं नव्हतं! शिक्षकांना सगळं दिसतं असा विद्यार्थ्यांचा एक गोड गैरसमज असतो.

(रायटिंग सेंटर फुकट आहे, वरच्या वर्गातलीच मुलं मदत करतात, जाऊन ये. आठवड्याला शंभर-शंभर पानं वाचायला देतात तेव्हा ती अथपासून इतिपर्यंत वाचायची अपेक्षा नसते. सुरुवात, शेवट आणि मधला एक भाग नीट वाच, बाकीचं चाळ.)

आता मेजर. तुझ्या आत्याने विचारलेला प्रश्न वाचून हसू आलं : "लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकला का गं?" दहावीनंतरची आपली ती उतरंड आहेच, सायन्स, कॉमर्स आणि ज्याला कुठेच मिळालं नाही तो आर्ट्स. आत्याला सांग, की मध्ययुगीन युरोपात या नावाखाली सात विषय होते : व्याकरण, वक्तृत्व, तर्कशास्त्र, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. सातातले तीन तर सरळ तुझ्या बारावी सायन्सच्या घरातले. तुझं कम्प्युटर सायन्सही त्या कॉलेजात लिबरल आर्ट्सच आहे.

दोन विषयांत ओढ असणं हा तुला गोंधळ वाटतोय. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डला गणित शिकत होते. गणितावरच लक्ष दे असं तिथले मोठे गणिती त्यांना सांगत होते, पण त्यांनी भाषांपासून काय काय कोर्स घेतले, आणि १९२९ साली पदवी घेतली. पुढे पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवता शिकवता हा माणूस प्राचीन नाणी तराजूत घालून बसला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन घटतं. तर ढिगातल्या नाण्यांच्या वजनांवरून ती किती काळ फिरली असतील ते संख्याशास्त्राने काढता येईल. संख्याशास्त्राच्या बाईला ही गोष्ट आवडणारच, त्यामुळे माझ्या उत्साहातून थोडं वजा कर.

पण व्यवहार बघू. पदवीला साधारण ३२ कोर्स लागतात, एका मेजरला दहा-बारा. दोन मेजर घेतले तरी थोडी जागा उरते, वेळापत्रकाची मात्र ओढाताण होते. कारण लहान कॉलेजात वरच्या पातळीचे काही कोर्स दर वर्षी नसतात, एक वर्षाआड असतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी दोन्ही विभागांचं पुढच्या दोन वर्षांचं वेळापत्रक मागून घे. व्हिसाच्या बाजूने असं, की पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे आपल्या विषयातलं काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, आणि मेजर स्टेम यादीत (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. कम्प्युटर सायन्स त्या यादीत आहे, मानववंशशास्त्र सहसा नसतं. हे विषयाच्या नावावर ठरत नाही, आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापलेल्या सीआयपी कोडवर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी क्रमांकावर, ठरतं. त्यामुळेच कित्येक कॉलेजांनी आपलं अर्थशास्त्र ४५.०६०३ या कोडखाली, म्हणजे संख्यात्मक अर्थशास्त्राखाली नेलं आणि ते स्टेम झालं. दोन मेजर असतील तर दोन्ही आय-२० वर चढले आहेत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. हे नियम बदलतात, तेव्हा माझ्या लेखावर किंवा मावसभावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ नकोस, कार्यालयात जाऊन विचार.

आणि मेजर जाहीर करणं म्हणजे लग्नाच्या याद्या करणं नव्हे. फॉर्म असतो, त्यावर सल्लागाराची सही असते, आणि तिसऱ्या वर्षात तो बदलणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. ए मायनसच्या विषयाला ‘येतं पण आवडत नाही’ म्हणतेस ते मला पुरतं पटलेलंही नाही. दोन प्राथमिक कोर्सांत कम्प्युटर सायन्सचं पाणी जेमतेम घोट्यापर्यंत येतं. आणखी एक कोर्स करून बघ.

राहिलं ट्रान्सफर. मोठं विद्यापीठ वाईट, असं मी म्हणणार नाही. तिथे कोर्सांची रेलचेल असते, नोकऱ्यांचे मेळावे भरतात, पोहे मिळणारं दुकान असतं, गणपतीला चार मराठी माणसं जमतात. तुझ्या गावात रात्री आठनंतर पेट्रोल पंपाखेरीज काही उघडं नसतं आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वसतिगृहात तू आणि दोन नेपाळी मुलं एवढीच उरता, हे वाचून मलाच एकटं वाटलं. एकटेपणाने झोप-जेवण उडालं असेल, तुला हवा तो विषयच तिथे नसेल, किंवा कॉलेजने मदत कमी केली, तर जायचा विचार जरूर कर. पण पैशाचं आधी बघ. मोठी सरकारी विद्यापीठं परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्यांना बहुधा फारच थोडी मदत देतात, आणि राज्याबाहेरच्यांची नुसती फीच बहुतेक नावाजलेल्या ठिकाणी वर्षाला ३० हजार डॉलरच्या पुढे जाते. तिथे कम्प्युटर सायन्सला बाहेरून आलेल्याला प्रवेश मिळेलच असंही नसतं. काही ठिकाणी तो विभाग ट्रान्सफरवाल्यांना जवळजवळ बंद असतो. आणि ट्रान्सफरच्या अर्जालाही काही ठिकाणी तुझ्या आत्ताच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. ती कोण देणार आहे? म्हणजे जायचं असो की राहायचं, त्या दारातून आत जावंच लागणार आहे.

"मी इथे चुकून आले का" याचं उत्तर मी देत नाही. तीन आठवडे तू जिथे गेलीच नाहीस, तिथे जाऊन आल्यावर मला पुन्हा लिही.

एक काम मात्र गुरुवारच्या आधी कर. बुधवारी रात्री तुझ्याकडे आठ वाजतील तेव्हा घरी सकाळचे साडेसात झालेले असतील. गाळप सुरू झालंय, म्हणजे बाबा चहा घेऊन फडावर निघायच्या घाईत असणार, तेव्हा पाच मिनिटं आधीच गाठ. सी प्लसचं त्याच फोनवर सांगायचं की नंतर, ते तू ठरव. मी असते तर बोलणं रंगात आल्यावर सांगितलं असतं. आधी विचार, "बाबा, यंदा एका कोयत्याची उचल कितीवर गेलीय?" ते म्हणतील, तुला कशाला गं हव्यात या चौकशा?

सांग, बाईंनी विचारलंय.